दाराबाहेरून ऐकलेलं गाणं

मी नऊ वर्षांचा असताना आजोबांनी मला शिरोळहून मिरजेच्या उरुसाला नेलं. तिथे मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्री गाणं-बजावणं होतं. आजोबांच्या मांडीवर मी पेंगत होतो. जाग आली ती तानपुऱ्याच्या आवाजाने. गायकाने अजून सूर लावला नव्हता. घरी येईपर्यंत तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. महिन्याभरात आजोबांनी मला शिकवणी लावली.

पुण्यात ऑफिसमधल्या मित्रांना ही गोष्ट मी बऱ्याचदा सांगितली आहे. त्या रात्रीने मला घडवलं, एका जागी तासन् तास बसायला शिकवलं, कोड लिहिताना तेच कामी येतं, वगैरे. ऐकणाऱ्यांना आवडते. पण गोष्ट अर्धीच आहे.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिलाही उरुसाला यायचं होतं. "पोरीचं रात्रीचं काय काम तिथं?" असं म्हणून तो विषय संपला. पुढे संध्याकाळी मी सायकलवरून शिकवणीला जायचो, तेव्हा ती भाकरी थापायची. मी घरी रियाज केला की तिला स्वयंपाकघरात ऐकू जायचा. दहावीच्या वर्षी गणितासाठी मी गाणं सोडलं. फारसं कुणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही.

गेल्या दिवाळीत ताई भाचीला झोपवताना गुणगुणत होती. भूपातला पलटा, मी शिकलेला. माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ.

"हे कुठं शिकलीस?"

"तूच म्हणायचास की रोज. फक्त गंधारावर घाई करायचास."

ती हसली. मला हसता आलं नाही.

तेव्हापासून मला आमच्याच तालुक्यातल्या एका मुलाची गोष्ट वेगळी दिसते. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीत फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळ्यांना इजा झाली. शाळा सुटली. मग मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचं गाण्याचं शिक्षण सुरू झालं. आपण म्हणतो, त्या अपघातातून गायक घडला. पण फटाक्याने फक्त डोळे गेले असते. त्या मुलाला मिरजेला पोचवणारं कुणी होतं आणि तिथे शिकवणारे गुरू होते, म्हणून पुढचं घडलं.

पलुस्करांनी नंतर काय केलं बघा. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही एखाद्या संस्थानिकाच्या जिवावर नाही, लोकांच्या पाठबळावर. सुरांसाठी लेखनपद्धती तयार केली. गाणं शिकायला घराण्यात जन्म किंवा राजाची मर्जी लागू नये, हा त्यामागचा अर्थ मला दिसतो. स्वतःला नशिबाने जे मिळालं, ते दुसऱ्याला नशिबावर सोडायचं नाही.

मी मात्र इतकी वर्षं त्या रात्रीचे नुसते आभार मानत आलो. आभार मानणं सोपं असतं, त्यात कुणाचं देणं लागत नाही. ते सूर तर आम्हा दोघांच्या कानावर पडले होते. मला कुणीतरी दारातून आत नेलं आणि ताईला दाराबाहेर ठेवलं. माझ्या मोकळ्या संध्याकाळची किंमत तिच्या संध्याकाळने भरली. हे तेव्हा मला कळत नव्हतं, म्हणून दोष माझा नाही, असं म्हणता येईल. पण आता कळतंय.

मागच्या महिन्यात मी ताईला फोन केला. म्हटलं, तुझ्या गावात गाण्याचा क्लास आहे, फी मी भरतो.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "क्लास संध्याकाळचा असतो रे. संध्याकाळी घरात कोण बघणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकवणीच्या त्या सहा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही कुणी विचारला नव्हता.