पाहुण्याकडे पाहुणे

पाहुणे येणार म्हटले की आपल्या घरात काय धांदल उडते, हे वाचकांना सांगायला नको. गाद्या उन्हात पडतात, माळ्यावरची मोठी भांडी खाली येतात, मासळीवालीला आधीच सांगून ठेवले जाते. पण जे घर आपले नाही, जो गाव आपला नाही, जिथे आपण स्वतःच सेवेच्या निमित्ताने येऊन राहिलो आहोत, तिथे आपले नातलग भेटीला येणार असतील तर तयारी कशाची करायची? हा प्रश्न सध्या आमच्यापुढे आहे.

आम्ही उभयता निवृत्त शिक्षक. गेले दीड वर्ष टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातील माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. मे महिन्याच्या सुट्टीत वसईहून आमची धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुले दहा दिवसांसाठी येत आहेत.

व्यवहाराची तयारी तशी सोपी आहे. मच्छरदाण्या लागतील. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतील आणि परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतील. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आणू नका, असे कळवले आहे, कारण १ जून २०१९ पासून या देशात त्यांना बंदी आहे. घड्याळाचीही एक गंमत सांगून ठेवली आहे. स्वाहिली बोलणारा माणूस तास सूर्योदयापासून मोजतो. त्याने 'दोन वाजता बस आहे' म्हटले तर ती सकाळी आठची समजायची!

खरा प्रश्न उभा राहिला तो मेहुण्यांच्या फोनमुळे. ते म्हणाले, "दादा, आमच्यामुळे गावाला त्रास नको. आम्ही म्वांझा शहरात लॉज घेतो, दिवसा येऊन भेटून जाऊ. त्या गरीब लोकांच्या घरचे खाणे मनाला बरे वाटत नाही." इकडे आमच्या शेजारच्या बाईंनी मात्र पाहुण्यांसाठी एक कोंबडी वेगळी काढून ठेवली आहे. त्यांच्याकडे कोंबड्या आहेत पाच.

मेहुण्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. कोंबडी म्हणजे अंडी, आणि अंडी म्हणजे मीठ, साबण, मुलाची वही. चौघे पाहुणे एका जेवणात ते सारे संपवून जाणार. हे जाणून जो जेवायला नको म्हणतो, त्याच्या मनात दयाच असते. मग प्रश्न असा की, जो आपल्याहून गरीब आहे त्याचे आदरातिथ्य स्वीकारणे हा त्याच्यावर भार आहे, की ते नाकारणे हा त्याचा अपमान आहे?

सारफथच्या विधवेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल, घरात एक मुलगा आणि बाहेर दुष्काळ. अशा बाईकडे एलिया संदेष्टा भाकर मागतो, तीही आधी स्वतःसाठी. लहानपणी ही गोष्ट ऐकताना तो संदेष्टा कठोर वाटायचा. इथे राहिल्यावर ती निराळी कळू लागली. त्या बाईला लाकडे गोळा करणारी एक गरीब विधवा म्हणून सगळे ओळखत असतील. एलियाने तिला यजमानीण केले. तिच्याकडे देण्यासारखे काही आहे, हे मानणारा तो बहुधा पहिलाच असावा.

आम्ही इथे आलो ते देणारे म्हणून. खडू आमच्या हातात, पुस्तके आमची, शिकवणार आम्ही. गावाच्या वाट्याला सतत घेणेच येते. नेहमी देणाऱ्याचा हात हळूहळू जड होतो आणि नेहमी घेणाऱ्याची मान हळूहळू वाकते. हे दोघांच्याही नकळत होते. पाहुणे येतात तेव्हा मात्र पारडे फिरते. तेव्हा गाव देतो आणि आम्ही घेतो. ही संधी लॉजमध्ये राहून कशी घालवायची?

शिवाय येणारे पाहुणे मुळात आमचे तरी आहेत का? आम्हीच इथे पाहुणे. कोणाच्या दाराशी गेलो की 'होडी' अशी हाक द्यायची आणि आतून 'करिबू', म्हणजे 'या', असे उत्तर आले की मगच पाऊल टाकायचे, हे आम्हाला इथल्या मुलांनी शिकवले. म्हणून पहिली तयारी म्हणून आम्ही मुख्याध्यापकांकडे परवानगी मागायला गेलो. ते हसून म्हणाले, "पाहुणे शाळेचे आहेत. तुम्ही फक्त भाषांतर करा."

शेजारच्या बाईंनी तर नातेच लावून टाकले. इथे आईला 'मामा' म्हणतात, थोरल्या बहिणीला 'दादा' आणि थोरल्या भावाला 'काका'. "माझी दादा कधी येणार?" असे त्या आमच्या बहिणीविषयी रोज विचारतात, आणि आम्हाला रोज हसू येते. पण हसता हसता मार्ककृत शुभवर्तमानातला प्रसंगही आठवतो. येशूची आई आणि भाऊ त्याला भेटायला येऊन बाहेर उभे राहतात, आणि तो सभोवती बसलेल्यांकडे पाहून हेच माझे आई-भाऊ असे म्हणतो. हे रक्ताच्या नात्याला नाकारणे नव्हे, असे आम्हाला वाटते. त्या दिवशी घराची भिंत थोडी पुढे सरकली. बाहेरच्यांनाही आत जागा होतीच.

मे महिन्यात इथली शाळा चालू असते. पाहुणे आले म्हणून दहा दिवस तास बुडवायचे का? याचे उत्तर आम्हाला इथल्याच एका म्हणीत सापडले. पाहुण्याला दोन दिवस पाहुणा माना, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या, अशी ती म्हण आहे. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे स्वतः शिक्षक आणि श्रद्धावंत कॅथलिक. १९६२ साली लिहिलेल्या 'उजामा'वरील निबंधात त्यांनी ही म्हण सांगितली आणि पुढे म्हटले की, पाहुणा बहुधा स्वतःच कुदळ मागून घेत असे. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीही न निघणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढतात. इथे त्याला काम देऊन घरचा करून टाकतात.

तेव्हा पहिले दोन दिवस आमच्या पाहुण्यांचे. तिसऱ्या दिवसापासून आम्ही वर्गावर आणि ते कुदळीवर. अर्थात वर्गात त्यांना शिकवू द्यायचे नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्याला बिनपगारी कामही करता येत नाही, आणि आठ दिवसांच्या शिक्षकाने मुलांचे भले होत नाही. पण शेजारघरी शेंगा सोलणे, पाणी भरणे, सरोवरातली 'दगा' नावाची बारीक मासळी उन्हात पसरणे, ही कामे आहेतच. सुकी मासळी वसईच्या माणसाला कोणी शिकवायला नको!

मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटायची नाहीत, जे आणले असेल ते मुख्याध्यापकांच्या हाती द्यायचे, हेही कळवले आहे. आणि पहिले दोन दिवस फोटो नकोत. आधी नावे पाठ व्हावीत. नाव ठाऊक असलेल्या माणसाचा फोटो आपण निराळ्या नजरेने काढतो.

राहता राहिली ती कोंबडी. मेहुण्यांना आम्ही लिहिले आहे, "लॉज घेऊ नका. कोंबडी खा, पोटभर खा, आणि मागून वाढून घ्या. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी घरचा मसाला घालून तुम्ही सरोवरातल्या माशांचे कालवण करा आणि त्यांना जेवायला बोलवा." त्याने कोंबडीची फेड होणार नाही, आणि होऊही नये. थोडे ऋण घेऊनच त्यांनी परतावे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आफ्रिकेतल्या खेड्यापुरता नाही. आपल्या वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बांधवाला आपण नाताळात कपडे देतो, आजारपणात पैसे देतो. त्याच्या पाड्यावरच्या लग्नाचे बोलावणे आले की पाकीट देऊन लगेच निघतो, की त्याच्या अंगणात बसून जेवतो? पुढच्या वेळी बोलावणे येईल तेव्हा जरा बसून पाहू या.