‘चालतंय की, सर!’

चौघेही उभे राहा. प्रोजेक्टच्या ब्लॅक बुकातलं चाचणीचं प्रकरण काढा आणि शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा. ‘यंत्रणा अखंड व विश्वासार्ह चालते.’ किती वेळ चालवून पाहिलीत? अर्धा तास. कुठे? लॅबमध्ये, पंख्याखाली. आणि वर मलाच ऐकवता, ‘चालतंय की, सर!’ अरे, अर्धा तास काहीही चालतं. तुम्ही ठिबकचा कंट्रोलर केलाय. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्याच्या जिवावर अर्ध्या तासाचा दाखला देताना काहीच वाटलं नाही?

कोड दाखवा. मिलिसेकंद मोजणारा तुमचा आकडा ३२ बिटांचा आहे. तो ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. हे वर्गात शिकवलंय. तरी तुम्ही ‘पुढची वेळ म्हणजे आत्ताची वेळ अधिक वीस मिनिटं’ असं लिहून मोकळे झालात. पन्नासाव्या दिवशी ती बेरीज ३२ बिटांत मावणार नाही. पुढची वेळ आत्तापेक्षा लहान ठरेल आणि ‘वेळ झाली का?’ याला प्रत्येक फेरीत ‘हो’ असंच उत्तर येईल. रिले ताशासारखा तडतडत सुटेल. त्यावर मोटरचा स्टार्टर जोडलाय ना? मग जळालेली मोटर कोण भरून देणार? शिवाय लाइट गेली तरी बंद पडू नये म्हणून बॅटरी दिलीत. म्हणजे अधूनमधून बंद-चालू होऊन मोजणी आपसूक शून्यावर आली असती, ती वाटही तुम्हीच बुजवलीत.

आता हे बघा. ओलाव्याचं रीडिंग दर मिनिटाला ईईप्रॉममध्ये, तेही एकाच जागी. डेटाशीटमध्ये लिहिण्या-पुसण्याची मर्यादा एक लाख वेळा दिलेली आहे. दिवसाला १,४४० वेळा लिहिलं तर सत्तर दिवसांच्या आत ती संपते. साधा भागाकार आहे, पण त्यासाठी डेटाशीट उघडावी लागते.

म्हातारा उगाच किरकिर करतोय, असं वाटतंय? मग ऐका. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. पॅट्रियट क्षेपणास्त्रांची एक यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागानं मोजायचं, आणि ०.१ हा आकडा बायनरीत पुरता बसत नाही. २४ बिटांवर तो छाटला जायचा. दर मोजणीला चूक नगण्य, पण शंभर तासांत ती साचून ०.३४ सेकंद झाली. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. रडारनं भलतीकडे पाहिलं, स्कड अडवायला काहीच सुटलं नाही आणि बराकीतले २८ अमेरिकी सैनिक मेले. सलग आठ तासांतच नेम सरकतो, हे इस्रायलींनी दोन आठवडे आधी कळवलं होतं. त्यावर ‘फार वेळ चालवलं तर चूक होते’ असा इशारा गेला. फार म्हणजे किती, ते कुणी लिहिलं नाही. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती, तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. दुरुस्त प्रोग्राम धहरानला पोहोचला, पण दुसऱ्या दिवशी.

‘सबमिशन तोंडावर आलंय, सर’ हे रडगाणं माझ्यापुढे गाऊ नका. पन्नास दिवस थांबायला कोण सांगतंय? मोजणी शून्याऐवजी भरायला पाच मिनिटं कमी असताना सुरू करा, रोग डोळ्यांसमोर येईल. पण सगळंच असं पुढे ढकलता येत नाही. मेमरी थेंबाथेंबानं गळते, डब्यात घाम धरतो, रिलेचे पॉइंट काळे पडतात. त्याला सोक टेस्टच लागते, म्हणजे यंत्र दिवसचे दिवस सलग चालवून बघायचं. तासातासाला मोकळी मेमरी किती उरली ते लिहा आणि आलेख काढा. रेघ किंचित जरी उतरत असेल, तरी यंत्र मरणार हे नक्की, तारीख तेवढी काढायची राहिली.

डबा आज संध्याकाळीच गच्चीवर लावा. दुपारचं ऊनही खाऊ दे त्याला. रात्री आळीपाळीनं येऊन वहीत नोंद करा. बंद पडला तर गुपचूप रीसेट दाबायचं नाही. किती वाजता पडला आणि डब्यात तापमान किती होतं, ते लिहायचं. बाहत्तर तास टिकला तर पुस्तकात बाहत्तर तासच छापायचे. सही मी ती वही बघूनच करीन.