पदकावर नसलेली नावे

शौर्याचा गौरव करताना ते शौर्य कोणत्या कार्यासाठी खर्ची पडले हे विचारावे की नाही? १८५७-५८ च्या मोहिमेबद्दल ब्रिटिश सरकारने दिलेले चांदीचे पदक हा प्रश्न आपल्यापुढे ठेवते.

'शॅनन' या युद्धनौकेचा कप्तान विल्यम पील १८५७ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यास आला. आपले खलाशी व अवजड तोफा घेऊन तो गंगेच्या मार्गाने, वाराणसीवरून, अलाहाबादेस गेला. पुढे लखनौच्या लढाईत या आरमारी पथकाने तोफा थेट भिंतीजवळ भिडविल्या. विल्यम हॉल हा गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबातला खलाशी सोबती पडल्यावरही तोफेपाशी उभा राहिला. स्वतः पील १८५८ च्या एप्रिलमध्ये कानपूर येथे देवीच्या रोगाने मरण पावला. यांचे शौर्य खोटे होते असे कोण म्हणेल?

पण ज्या वाटेने ते गेले त्या वाटेवर काय घडले होते? ४ जून १८५७ रोजी वाराणसीत देशी शिपायांची शस्त्रे काढून घेताना त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या. त्यानंतर कर्नल नील याच्या अंमलात गावोगावच्या लोकांना फाशी देण्यात आले. पुढे कानपुरात इंग्रज स्त्रिया व मुले यांची कत्तल झाली. तेही तितकेच घोर पाप होते. ज्यांचा जन्म वाराणसीत झाला असे सांगतात, त्या राणी लक्ष्मीबाई ज्या मोहिमेत पडल्या, तिच्यासाठी याच पदकाच्या फितीवर 'मध्य हिंदुस्थान' अशी वेगळी पट्टी दिली गेली.

या पदकाच्या एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मुख आहे, दुसऱ्या बाजूस पुष्पचक्र धरलेली ब्रिटानिया, आणि कडेवर ते मिळविणाऱ्याचे नाव. आज्ञा देणारा आहे, आज्ञा पाळणारा आहे. ज्यांच्यावर ती आज्ञा कोसळली ते मात्र कोठेच नाहीत.

कोणी म्हणेल, सैनिकाने हुकूम पाळावा. हेतूचा जाब राज्यकर्त्यांना विचारावा. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच एकट्या खलाशाला दोषी ठरविणे न्यायाचे नव्हे. परंतु मग त्याच्या प्रामाणिकपणाच्या आड राज्यकर्त्यांनाही लपता येऊ नये. आपल्या भाषेत 'सेवा' हा शब्द लष्करालाही लागतो आणि देवालाही. तो उच्चारताच 'कोणाची?' असे विचारावेच लागते.

दावीद राजाचे विजय पवित्र शास्त्र झाकून ठेवीत नाही. तरीही मंदिर बांधण्याचे काम परमेश्वराने त्याच्या हाती दिले नाही. कारण त्या हातांनी पुष्कळ रक्त सांडले होते, असे पहिल्या इतिहासाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. विजयाची नोंद राहिली आणि रक्ताचीही राहिली. एकीने दुसरी पुसली गेली नाही.

वाचकहो, फाशी देणारे व पदके देणारे बहुतांशी आपल्याच प्रभूचे नाव घेणारे होते. म्हणून हा हिशेब आपण इतरांवर सोपवू नये. शूराला मान द्यावा. पण ज्यांची नावे पदकावर कोरली गेली नाहीत, त्यांनाही देव नावाने ओळखतो, याचे भान ठेवून.