वाटेचे पैसे

पडलेलं झाड उचलायला किती पैसे लागतात, हे दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. सरळ आकडा कुणीच सांगत नाही. "बघायला लागेल," एवढंच उत्तर मिळतं, आणि विचारणाऱ्याला वाटतं, समोरचा आपली अडचण बघून भाव चढवतोय. मलाही तसंच वाटायचं. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा घेऊन रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या परड्यातला जुना रायवळ आंबा गडगा फोडून पडवीवर आडवा झाला. तो तिथून हलेपर्यंत जे पाहिलं, त्यातून हा हिशेब मला उलगडला.

आधी खर्चच सांगतो. मशीनवाला, म्हणजे चेन सॉ चालवणारा, पेट्रोलसकट २,५०० रुपये. चार गडी तीन दिवस, ६०० रुपये रोज, म्हणजे ७,२००. टेम्पोच्या तीन खेपा २,४००. चेनपुली आणि दोरांचं भाडं ९००. एकूण १३,०००. हे आमच्या घरचे, त्या वर्षीचे आकडे. तुमच्याकडे ते वेगळे असतील. पण त्यातली वाटणी बघा. झाड तोडायचे म्हणून ज्याला आपण पैसे देतो, तो तोडणारा तेरातले अडीच घेऊन गेला. त्याचंही मशीन प्रत्यक्ष चाललं असेल जेमतेम अडीच तास. उरलेले साडेदहा हजार गेले ते आंबा पडवीवरून रस्त्यापर्यंत आणि तिथून पुढे नेण्यात.

आपण ज्याला तोडण्याचा खर्च म्हणतो तो मुळात वाटेचा खर्च असतो. लाकूड जिथे पडलं तिथून जिथे जायचं आहे तिथपर्यंतची वाट किती लांब, किती अरुंद, आणि त्या वाटेवर काय काय मोडू शकतं, यावर दर ठरतो. झाडाची जात, वय, उंची हे सगळं त्यानंतर.

वजनापासून सुरुवात करू. उभ्या झाडाचं वजन आपल्याला कधी जाणवतच नाही, कारण ते स्वतःच तोलून उभं असतं. ते आडवं झालं की तो सगळा भार दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा असतो. आमच्या आंब्याच्या बुंध्याचा घेर सहा फूट होता आणि पहिल्या फांदीपर्यंत लांबी पंधरा फूट. हिशेब मांडला तर एवढा बुंधा सव्वा घनमीटरच्या जवळ जातो. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे नुसता हा बुंधा टनभर भरतो. फांद्या वेगळ्या. त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे केले, सात-आठ झाले, आणि एकेक तुकडा दीडशे किलोच्या घरात. तो दोन माणसांना उचलत नाही. बांबूला दोर बांधून चौघांनी खांदा द्यायचा, दहा पावलं चालायचं, टेकवायचा, पुन्हा उचलायचा. आमची पाखाडी बैलगाडीपुरतीसुद्धा नाही. घरापासून टेम्पोपर्यंत दीडशे पावलं. तीन दिवस गेले ते या दीडशे पावलांत.

"लाकडात काम फिटेल" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मीही वखारवाल्याकडे त्याच आशेने गेलो होतो. तो म्हणाला, "रस्त्यावर आणून द्या, मग बोलू." तेव्हा मला ते उद्धट वाटलं. आज वाटतं, सगळा हिशेब त्याने त्या एका वाक्यात सांगितला होता. रस्त्याकडेच्या मोकळ्या वरकस जमिनीत हाच आंबा पडला असता, तर टेम्पो बुंध्याला लावता आला असता, कुठलंही कौल फुटलं नसतं, आणि वखारवाल्याने स्वतःचं मशीन आणून वर दोन पैसे दिले असते. तेच लाकूड पडवीवर असताना त्याची किंमत शून्याच्याही खाली जाते. शिवाय त्या जूनमध्ये किनारपट्टीच्या वाडीवाडीत झाडं लोळलेली, वीज आठवडेच्या आठवडे नाही, टाळेबंदीमुळे माणसं मिळेनात. लाकूड उदंड होतं, ते हलवणारे हात मोजके होते. भाव हातांचाच लागणार.

आता जोखमीचं बोलतो, कारण ती खर्चाच्या चिठ्ठीवर कधी लिहिली जात नाही.

मशीनवाल्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ आले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी मशीनला हात लावला नाही. अर्धा तास ते नुसते झाडाभोवती फिरले, कुठे कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून पाहिलं, कुठे खाली वाकून बघितलं. मी जरा अधीर झालो. ते म्हणाले, "भाऊ, झाड पडलं म्हणजे निजलं असं समजू नका. अजून जोर हाय त्याच्यात." मग हात धरून त्यांनी दाखवलं. बुंधा एका बाजूला गडग्यावर टेकलेला, दुसऱ्या बाजूला पडवीच्या वाशांवर, मध्ये अधांतरी. अशा ओंडक्याची वरची बाजू आवळलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलं की काप मिटतो आणि मशीन चावून धरतं. म्हणून आधी वरून थोडंच कापायचं, पाचर मारायची, आणि मग खालून वर कापत यायचं. एक मनगटाएवढी फांदी बुंध्याखाली धनुष्यासारखी वाकून दबली होती. ती त्यांनी लांबून, कोयत्याने, थोडी थोडी सोलत सैल केली. एका घावात तोडली असती तर छातीवर आली असती. मुळांचा तर वेगळाच धोका. उपटलेल्या मुळांचा मातीसकट केवढा तरी गड्डा उभा असतो. बुंधा कापून वेगळा झाला की समोरचं वजन जातं, आणि तो गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात पोरं खेळत होती. मामांनी आधी त्यांना हाकललं, मुळांना दोर घालून नारळाला बांधला, आणि मगच मशीन सुरू करायला सांगितलं.

त्या अर्ध्या तासाचे आणि त्या एका दोराचे पैसे आपण घासाघीस करताना सगळ्यात आधी कापतो. तेरा हजारांचं काम नऊ हजारांत करतो म्हणणारा कुणीतरी नेहमी भेटतो. टेम्पो त्यालाही तेवढ्याच भाड्याने मिळतो, ओंडका त्यालाही तेवढाच जड असतो. मग चार हजार वाचतात कुठून? दोघे गडी कमी, चेनपुली नाही, मामा नाहीत. वाचलेली रक्कम कुणाच्या तरी पाठीवर, पायावर जाऊन बसते. आणि तो माणूस रोजावरचा असतो. त्याच्या मोडलेल्या पायाचा खर्च आपल्या चिठ्ठीत येत नाही एवढंच. तो त्याच्या घरच्यांच्या चिठ्ठीत येतो.

हलवायचंच नाही असं म्हटलं तर? नारळाच्या बाबतीत त्याचीही किंमत पडते. वाडीत कुजत पडलेल्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि तिथे वाढलेला भुंगा उभ्या माडाचा कोंब पोखरतो. म्हणजे मेलेला माड तसाच ठेवला तर तो जिवंत माडांवर उठतो. निसर्ग वादळानंतर सरकारी मदतीत माडामागे २५० रुपये आणि पोफळीमागे ५० रुपये ठरले होते. माडाचं खोड बाहेरून इतकं चिवट की करवतीची धार लवकर जाते. ते कापून वाडीबाहेर काढायला दोन माणसं लागतात, आणि एकाचा रोजही अडीचशेत भागत नाही. झाडाची भरपाई म्हणून दिलेले पैसे झाड उचलायलाही पुरले नाहीत. मदतीचे दर ठरवणाऱ्यांनी झाड मोजलं, वाट मोजली नाही, ही माझी खरी तक्रार आहे. झाड गेल्याची भरपाई आणि झाड हलवण्याचा खर्च या दोन वेगळ्या रकमा धरायला हव्यात, आणि दुसरी आधी हातात पडायला हवी. वाडी मोकळी झाल्याशिवाय नवं रोप लावणार कुठे?

मदतीसाठी लागणाऱ्या पंचनाम्याचंही तसंच. तलाठी येऊन पाहीपर्यंत झाडाला हात लावायला लोक घाबरत होते आणि इकडे पाऊस फुटक्या कौलांतून घरात येत होता. चारी बाजूंनी फोटो काढून, शेजारच्या दोघांना दाखवून निदान घरावरच्या फांद्या तरी उतरवून घ्याव्यात, असं मी सांगेन.

पुढच्या वादळात तुमच्या आवारात झाड पडलं, तर भाव विचारायच्या आधी वाट मोजा. टेम्पो कुठपर्यंत येतो, मध्ये कुंपण, विहीर, कौलं काय आहे, ते सांगा. माणसं किती आणणार, दोर आहे का, कुणी नुसता बघत उभा राहणार आहे का, हे विचारा, आणि त्या उभ्या माणसाचा रोज कापू नका. झाडाला विजेची तार लागलेली असेल, तर लाइनमनने लाइन बंद केल्याचं स्वतः येऊन सांगेपर्यंत कुणालाही फांदीला हात लावू देऊ नका, मग दिवस फुकट गेला तरी चालेल.