शेजारणीच्या हातातला मोबाईल

मानसिक आरोग्याची डिजिटल साधने म्हणजे मोबाईलवरची प्रश्नावली, समुपदेशनाचे ॲप, हेल्पलाइन, माहितीच्या चित्रफिती. शहरात ती माणूस स्वतः शोधतो आणि एकट्याने वापरतो. खेड्यात झोप उडालेली बाई 'नैराश्य' हा शब्दच उच्चारत नाही. 'कशात मन लागत नाही', 'डोकं नुसतं गच्च झालंय' असे ती सांगते, आणि तेही शेजारणीला. म्हणून साधन गावात न्यायचे तर ते आधी या शेजारणीच्या हाती पडले पाहिजे.

गरज मोठी आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे; पण मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, आणि तिथवर जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

महाराष्ट्रातच या प्रश्नाला एक चांगले उत्तर मिळाले. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या व्यक्ती 'चॅम्पियन' म्हणून निवडल्या गेल्या. स्मार्टफोन दिला तो त्यांना. त्यात प्रशिक्षणाचे धडे होते आणि दारू, बेरोजगारी, घरातली भांडणे, मारहाण अशा विषयांवरच्या सुमारे दहा मिनिटांच्या फिल्म होत्या. तीन-चार जणांनी एका छोट्या पडद्याभोवती बसून फिल्म पाहायची, मग बोलायचे. पडद्यावरच्या बाईविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलणे सोपे जाते. ॲपची खरी करामत इथे आहे. ज्याला जास्त त्रास आहे त्याच्याशी चॅम्पियन चार ते सहा वेळा निवांत बोलतो, सरकारी योजनांची वाट दाखवतो, आजार गंभीर वाटला तर दवाखान्यात पाठवतो. पुढे हा प्रकल्प गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला.

माणसांचे हे जाळे आधी विणावे लागते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या बळावर दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले. असे जाळे नसेल तर मोबाईल नुसता आकडे गोळा करतो.

नैराश्य तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत हे स्पष्ट दिसते. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तींना, टॅबवर ती भरून घेणे शिकवता येते. पण नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कुणी 'हो, रोज' म्हणाले तर त्याच दिवशी काय करायचे, कुणाला बोलवायचे, हे ठरलेले नसेल तर ती प्रश्नावली घेऊन कुणाच्या दारात जाऊच नये.

गुप्ततेचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. घरात फोन एक, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे; कुठे फोन लावला हे त्यात उरते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण घरातल्या घरात तो जपायचा तर कार्यकर्तीच्या फोनवरून, आडोशाला बसून बोलण्याची सोय लागते. शिवाय लसीकरणापासून गरोदर बायांच्या नोंदीपर्यंत सगळे आशाताईंच्याच माथी आहे. त्यात आणखी एक ॲप टाकायचे तर त्याचा वेगळा मोबदला दिलाच पाहिजे.

ज्या गावात असा कार्यक्रम अजून पोहोचलेला नाही, तिथेही एक सोय आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि बचत गटाच्या वहीत आजच लिहून ठेवावा.