लाज कोणाची?

विवस्त्र स्त्रीचें चित्र अश्लील केव्हां ठरतें? १८६३ सालीं पॅरिसच्या ‘सालों’ या सरकारी प्रदर्शनांत काबानेलचें ‘व्हीनसचा जन्म’ हें चित्र लागलें, आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियननें तें विकत घेतलें. दोनच वर्षांनीं तेथें मानेचें ‘ऑलिंपिया’ लागलें, तेव्हां प्रेक्षक खवळले. विवस्त्रता दोहोंकडे सारखीच. मग हा भेद कां?

काबानेलची देवता अर्धवट मिटल्या डोळ्यांनीं लाटेवर पहुडली आहे. मानेची गणिका पाहणाऱ्याच्या नजरेला नजर भिडविते. रात्रीं जिच्या दारीं जावें, तिनें भर दिवसा, चारचौघांत ओळख दाखवावी, हें त्या सभ्य गृहस्थांस सोसलें नसावें.

पुढें १८९४ सालीं तूलूझ-लोत्रेकनें वेश्यागृहांतील वैद्यकीय तपासणीसाठीं उभ्या असलेल्या स्त्रिया रंगविल्या. तपासणीची सक्ती त्यांच्यावर. गिऱ्हाइकास कोणी हटकीत नसे. त्या चित्रांत शृंगार औषधालाहि नाहीं. आहे तो थकवा.

पण चित्रकार तरी सर्वस्वीं निर्दोष म्हणावा काय? ‘ऑलिंपिया’साठीं बसलेली व्हिक्तोरीन म्यराँ स्वतः चित्रें काढी. १८७६ सालीं सालोंनें तिचें आत्मचित्र स्वीकारलें आणि मानेचीं चित्रें परत केलीं. तरीहि जग तिला ओळखतें तें मानेच्या चित्रांतली बाई म्हणूनच.

मला वाटतें, चित्राची नीति वस्त्रावरून मोजूं नये. जिच्याकडे आपण पाहतों, तिनें उलट आपल्याकडे पाहिलें तर आपल्याला तें सोसेल काय, एवढेंच प्रत्येकानें स्वतःस विचारावें.