कोणाच्या हातीं सोपवावें?

घरांतील कर्त्या पुरुषास दारूचें व्यसन जडलें म्हणजे घरच्या माणसांचा विवेक थकून जातो. आणि त्याच थकलेल्या मनानें त्यास कोणाच्या तरी हातीं सोपविण्याचा निर्णय घ्यावा लागतो. आमच्या कामोठ्यांत बहुतेक कुटुंबें परगांवांहून येऊन सदनिकांत राहिलेलीं. शेजाऱ्याचा सल्ला घ्यावा, तर लाज आड येते. मग एखादी जाहिरात पाहून फोन केला जातो, आणि गाडी येऊन माणसास घेऊन जाते.

हा प्रश्न केवळ गिऱ्हाइकाच्या सावधगिरीचा नव्हे. व्यसनी मनुष्याचा शब्द घरांत आधींच कवडीमोल झालेला असतो. 'मला येथें मारतात' असें त्यानें कळविलें, तरी 'सुटण्यासाठीं थापा मारतो' असेंच आपण म्हणणार! ज्याची तक्रार ऐकण्याचें आपण सोडून दिलें, त्यास बंद दाराआड धाडतांना ती ऐकणारा कोणी तिऱ्हाईत आहे कीं नाहीं, हें पाहणें आपलें कर्तव्य ठरतें. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मद्य व अमली पदार्थ यांच्या सेवनाशीं निगडित मनोविकारही आपल्या कक्षेंत घेतले. अशा रुग्णांस ठेवून घेणाऱ्या संस्थेस राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची केली, आणि रुग्णास सांखळीनें बांधणें सर्वथा निषिद्ध ठरविलें. नोंदणी ही किमान मर्यादा होय. 'एनएबीएच'सारख्या मंडळाचें मानांकन म्हणजे संस्थेनें आपण होऊन पत्करलेली परकी नजर. म्हणून त्याचें मोल आम्ही अधिक मानतों. त्यानें व्यसन सुटेलच असें मात्र नव्हे.

कोणी म्हणेल, १९८६ सालीं पुण्यांत अनिता व अनिल अवचट यांनीं पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' उभारलें, तेव्हां हा कायदा कोठें होता? खरें आहे, करुणा कांहीं प्रमाणपत्रांतून उपजत नाहीं. परंतु तेथें चालविणारीं माणसें समाजास ठाऊक होतीं. रस्त्यावरच्या फलकामागें कोण आहे, हें आपणांस ठाऊक नसतें.

स्थळ पाहतांना सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या आमच्या मध्यम वर्गास नोंदणीपत्र मागतांनाच काय तो संकोच वाटतो! तें मागावें, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारीं येतात, तेंही विचारावें. आणि 'महिनाभर भेटीस येऊं नका, फोनही नको' असें कोणी बजावलें, तर भेटीगांठींचा व फोनचा हक्क रुग्णास त्याच कायद्यानें दिलेला आहे, हें सांगून पैसे भरण्यापूर्वींच उठून यावें.